विद्रोह पेटीबंद होतो तेव्हा

गोंदियासारख्या जिल्ह्याच्या गावी राहणाऱ्या, घरातला पहिला पदवीधर असलेल्या एका दलित प्राध्यापकाने अमेरिकन जॅझ सॅक्सोफोनचे बॉक्स सेट जमवावेत, ही गोष्ट कुणाला गमतीची वाटेल, कुणाला खटकेल. चळवळीतले एक ज्येष्ठ कार्यकर्ते माझ्या कपाटाकडे पाहून म्हणाले होते, "सर, हा छंद आपल्याला परवडणारा नाही." त्यांना पैशांविषयी बोलायचे नव्हते. माणूस शिकला, पगार घेऊ लागला की आधी त्याचे कान वस्तीबाहेर जातात आणि मग पाय, असे त्यांचे म्हणणे होते. हा आरोप मी टाळणार नाही. त्याला उत्तर देता देता ज्या संचांवर मी पैसे घातले त्यांचीच तपासणी करावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

बॉक्स सेट म्हणजे काय ते आधी सांगतो. एका वादकाने एका कंपनीसाठी केलेली सारी ध्वनिमुद्रणे तारीखवार लावायची, फसलेले आणि अर्ध्यावर थांबलेले टेकही त्यात घालायचे, सोबत जाडजूड पुस्तिका द्यायची आणि पाच-सात-दहा तबकड्यांची एक पेटी करून विकायची, असा हा प्रकार आहे. सीडी आल्यानंतर तो बोकाळला. १९८८ साली चार्ली पार्करच्या व्हर्व्ह कंपनीतील ध्वनिमुद्रणांचा दहा सीड्यांचा संच निघाला. १९९१ मध्ये जॉन कोल्ट्रेनच्या प्रेस्टिज कंपनीतील वादनाचा सोळा सीड्यांचा, १९९२ मध्ये सॉनी रॉलिन्सचा सात सीड्यांचा, १९९५ मध्ये कोल्ट्रेनच्याच अटलांटिक कंपनीतील वादनाचा सात सीड्यांचा संच आला. मोझेक नावाची एक अमेरिकन कंपनी १९८३ पासून असेच संच टपालाने विकत आली आहे. तिच्या संचांच्या प्रती मोजक्या, आणि प्रत्येक पेटीवर क्रमांक. माझ्याकडचे बहुतेक संच जुने, दुसऱ्याच्या घरातून उतरलेले आहेत. एका पेटीचा कोपरा उंदराने कुरतडला आहे. माझ्या ऐपतीत ती तशीच बसत होती.

आज हे सारे संगीत मोबाइलवर ऐकायला मिळते, मग पेटी कशाला, असे विद्यार्थी विचारतात. त्याचे उत्तर सोपे आहे. मोबाइलवर आवाज मिळतो, पण पियानोवर कोण होते, ढोलांवर कोण होते, दिवस कोणता होता, हे बहुधा मिळत नाही. पेटीतल्या पुस्तिकेत ही सारी नावे असतात. ज्यांच्या आज्यापणज्यांची नावे गावच्या कुठल्याच कागदावर धडपणे लिहिली गेली नाहीत, त्यांना नावांच्या यादीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

२

काळ्या अमेरिकेशी आपले नाते नवे नाही. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते आणि हार्लेम तिथून पायी जाण्याच्या अंतरावर आहे. १९४६ साली त्यांनी डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांना पत्र लिहिले. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिने आपले नावच ब्लॅक पँथरवरून घेतले. आपल्या नियतकालिकांनी त्या काळात 'निग्रो साहित्य' या मथळ्याखाली किती पाने खर्ची घातली, हे जुन्या वाचकांना आठवत असेल. रिचर्ड राइट, जेम्स बाल्डविन, लँग्स्टन ह्यूज ही नावे खेड्यातून आलेल्या आपल्या मुलांनाही परिचयाची झाली.

परंतु हे सारे नाते छापील शब्दाचे होते. ज्या समाजाला शतकानुशतके लिहू-वाचू दिले गेले नाही, त्या समाजाचे बोलणे आधी गाण्यात आणि वाजवण्यात उतरते, ही साधी गोष्ट आपण आपल्या जलशांवरून जाणत होतो, पण काळ्यांच्या बाबतीत विसरलो. अमिरी बराका यांनी लिरॉय जोन्स या नावाने १९६३ साली 'ब्लूज पीपल' हे पुस्तक लिहिले. काळ्यांच्या संगीतातल्या बदलांतून त्यांच्या सामाजिक स्थितीतले बदल वाचता येतात, हे त्याचे सूत्र. आपण बराकांच्या कविता वाचल्या. ज्या संगीतातून त्या निघाल्या ते मात्र ऐकले नाही.

का ऐकले नाही? आपले कान बोथट होते म्हणून नव्हे. जॅझ मुंबईत आले होते. १९३५ साली लिऑन अॅबी या काळ्या वादकाचा ताफा ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला. पुढे गोव्याचे वादक, रूडी कॉटन या नावाने वाजवणारे पारशी सॅक्सोफोनवादक, अशी मुंबईची स्वतःची परंपरा घडली. गोव्याच्या ब्राझ गोन्साल्विस यांनी सॅक्सोफोनवर राग वाजवून पाहिले. पण हे सारे मोठ्या हॉटेलांच्या दिवाणखान्यांत. त्या दारातून आत जायला सूट लागत होता, तिकीट लागत होते आणि इंग्रजी लागत होते. गुलामांच्या नातवंडांचे संगीत आपल्या देशात आले ते साहेबांचे आणि संस्थानिकांचे करमणुकीचे संगीत म्हणून. ते आपले आहे, असे आपल्याला कुणी कधी सांगितले नाही.

एक उदाहरण मला राहून राहून आठवते. १९७८ साली मुंबईत 'जॅझ यात्रा' हा महोत्सव सुरू झाला आणि पहिल्याच वर्षी त्यात सॉनी रॉलिन्स वाजवून गेला. त्याच वर्षी २७ जुलैला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात आपली घरे पेटवली गेली. हाच रॉलिन्स त्याआधी, १९६० च्या दशकाच्या अखेरीस, मनःशांतीच्या शोधात मुंबईला येऊन पवईच्या एका वेदान्ती आश्रमात राहिला होता. आपण बंडाची भाषा शोधत अमेरिकेकडे पाहत होतो आणि अमेरिकेचा बंडखोर शांती शोधत वेदान्ताच्या दारी बसला होता. आपल्याकडचा जो भारत त्याने पाहिला, त्यात आपली वस्ती नव्हती. यात त्याचा दोष मी मानत नाही. परदेशी पाहुण्याला कोणता भारत दाखवायचा, हे ठरवणारे आपण कधीच नव्हतो.

कोल्ट्रेनच्या बाबतीतही तेच. १९६१ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या क्लबात त्याने 'इंडिया' नावाची रचना वाजवली. तिथल्या वादनाचा चार सीड्यांचा संच १९९७ मध्ये निघाला. ही रचना वेदपठणाच्या एका ध्वनिमुद्रणावरून सुचली असावी, असे अभ्यासक सांगतात. रचना विलक्षण आहे, ती ऐकताना मी हलून जातो. पण त्या 'इंडिया'त दफडे नाही. कोल्ट्रेनला ते ऐकवणारी तबकडीच त्याच्या हाती नव्हती. ज्याचे ध्वनिमुद्रण होते त्याचाच देश जगाला ऐकू जातो.

३

आता संचांच्या गुणांकडे वळू. बॉक्स सेटचा मोठा गुण असा की तो श्रम ऐकवतो.

काळा वादक जन्मजातच तालात असतो, त्याला शिकावे लागत नाही, असे गोरे समीक्षक कौतुकाने म्हणत आले. हे कौतुक आपल्या ओळखीचे आहे. दलित लेखकाजवळ अनुभव दांडगा असतो, पण कलेचे भान बेताचे असते, असे आपल्यालाही किती वर्षे ऐकवले गेले! दोन्ही ठिकाणी युक्ती एकच. माणसाच्या मेहनतीला निसर्गाचे नाव द्यायचे आणि कारागिरीचा मान आपल्याकडे ठेवायचा.

कोल्ट्रेनच्या अटलांटिक संचात 'जायंट स्टेप्स' या रचनेचे नाकारलेले टेक आहेत. १९५९ मध्ये त्याने ती आधी एका चमूबरोबर वाजवून पाहिली. त्या टेकपैकी एकही मूळ तबकडीत घेतला नाही. ५ मेला दुसरा चमू घेऊन पुन्हा वाजवली, तेव्हा जगाला माहीत असलेली 'जायंट स्टेप्स' हाती आली. या रचनेत स्वरसंगती इतक्या झपाट्याने बदलते की वादकाला श्वास घ्यायला उसंत मिळत नाही. पहिल्या दिवशीचे टेक ऐकले की तो वाट चाचपडताना, तीच वळणे पुन्हा पुन्हा घोटताना स्पष्ट ऐकू येतो. मधल्या काळात त्याने काय केले असेल, हे ज्याने कंदिलाखाली पाठांतर केले आहे त्याला कळते. ही 'दैवी देणगी' नव्हे, अभ्यास आहे. सुटी तबकडी ऐकून हे कळले नसते, ते संचाने कळवले.

दुसरे उदाहरण पार्करचे. २६ नोव्हेंबर १९४५ रोजी सॅव्हॉय कंपनीसाठी त्याने 'को-को' वाजवली. ती 'चेरोकी' या त्या वेळच्या लोकप्रिय गाण्याच्या स्वरसंगतीवर उभी आहे. पहिल्या टेकमध्ये वादक प्रस्तावना संपवून 'चेरोकी'ची मूळ चाल सुरू करतात आणि कुणीतरी मध्येच त्यांना थांबवते. चाल वाजवली तर मूळ संगीतकाराला पैसे द्यावे लागतील, म्हणून थांबवले, असा त्याचा अर्थ लावला जातो. कायद्याने चाल कुणाच्या तरी मालकीची होती, स्वरसंगती कुणाच्याच नव्हती. तेव्हा पार्करने चाल टाकून दिली आणि त्याच सांगाड्यावर आपले सर्वस्वी नवे वादन उभे केले. त्या पिढीच्या कितीतरी रचना अशाच घडल्या. परक्याच्या घराची चौकट घ्यायची आणि आत आपला संसार मांडायचा, अशी ही रीत.

या ठिकाणी मला आपली भीमगीते आठवतात. आमच्याकडे जयंतीला गायल्या जाणाऱ्या गाण्यांपैकी बऱ्याच गाण्यांच्या चाली सिनेमातल्या असत. महाविद्यालयातले माझे एक सहकारी यावर हसत. "तुमच्या गाण्यांत स्वतःचे काय आहे?" असे विचारत. त्याच सहकाऱ्यांना मी 'को-को' ऐकवली आणि तिची जन्मकथा सांगितली, तेव्हा ते पार्करच्या प्रतिभेवर भरभरून बोलले. एकच कृती न्यूयॉर्कमध्ये प्रतिभा ठरते आणि गोंदियाच्या वस्तीत उसनवारी ठरते. चाल सगळ्यांच्या तोंडी होती, म्हणूनच विचार सगळ्यांच्या तोंडी गेला. निरक्षर बाईलाही बावीस प्रतिज्ञांचा आशय त्या चालीवर पाठ झाला. या रचनापद्धतीचे सौंदर्यशास्त्र आपण अजून लिहिलेले नाही. ते लिहायचे झाले तर पार्करचे संच हे उत्तम साधन आहे, एवढे मी अनुभवाने सांगतो. त्या कार्यकर्त्यांना माझे पहिले उत्तर हे, की माझे कान वस्तीबाहेर गेले ते वस्तीतले नीट ऐकू यावे म्हणून.

४

परंतु याचा अर्थ असा नव्हे की या संचांपुढे नतमस्तक व्हावे. त्यांत गंभीर दोष आहेत आणि ते धंद्याच्या मुळातूनच आले आहेत.

पहिला दोष नावाचा. १९५८ साली रॉलिन्सने रिव्हरसाइड कंपनीसाठी 'फ्रीडम स्वीट' वाजवली. ऑस्कर पेटिफोर्ड आणि मॅक्स रोच असे दोनच साथीदार, तबकडीची एक अख्खी बाजू व्यापणारी रचना. वेष्टनावर त्याने स्वतःचे छोटे निवेदन छापवले. अमेरिकेची बोली, तिचा विनोद, तिचे संगीत काळ्या माणसाच्या संस्कृतीवर उभे आहे आणि तरीही त्याच माणसाला छळले जाते, असा त्याचा आशय. पुढे काय झाले? ही तबकडी त्या नावाने फार काळ बाजारात राहिली नाही. कंपनीने तीच 'शॅडो वॉल्ट्झ' या नावाने पुन्हा काढली. हे मागच्या बाजूवरच्या एका निरुपद्रवी सुरावटीचे नाव. आत वादन तेच, पण 'स्वातंत्र्य' हा शब्द दारावरून पुसलेला! पुनःप्रकाशन म्हणजे केवळ जतन नव्हे, ते पुसण्याचे साधनही होऊ शकते, याचा याहून उघड पुरावा नको. एका विद्यापीठाच्या नावासाठी १९७८ पासून १९९४ पर्यंत लढलेल्या समाजाला नावात काय असते हे शिकवण्याची गरज नाही. २००० साली निघालेल्या रॉलिन्सच्या पाच सीड्यांच्या संचात ही रचना आपल्या मूळ नावाने आहे. नाव परत मिळाले, पण ते उच्चारायला जोखीम लागत होती तो काळ उलटून गेल्यावर.

दुसरा दोष पैशांचा. पार्कर १२ मार्च १९५५ रोजी वयाच्या चौतिसाव्या वर्षी वारला. त्याने १९४६ साली डायल कंपनीकडून मिळणाऱ्या मानधनाचा अर्धा हिस्सा त्याला अफूजन्य विष विकणाऱ्या माणसाच्या नावे लिहून दिला होता. ज्या वादनाच्या मोबदल्यात त्याला तात्पुरती बिदागी मिळाली, ते वादन तबकडी, कॅसेट, सीडी आणि पुन्हा तबकडी अशा प्रत्येक नव्या वेषात विकले गेले. सॅव्हॉयचा मालक १९७४ मध्ये वारल्यावर त्या ध्वनिमुद्रणांचे हक्क एका कंपनीकडून दुसरीकडे गेले. मालमत्तेला वारस मिळत राहिले. मजुराला मजुरी एकदाच आणि मालाला भाव पुन्हा पुन्हा, हे विडी वळणाऱ्या बाईच्या मुलाला पुस्तकात वाचावे लागत नाही.

तिसरा दोष आम्हा संग्राहकांचा. क्रमांक घातलेली पेटी हाती आली की माणूस ऐकण्यापेक्षा मिरवू लागतो. हा मोह मला झालेला आहे. माझ्याकडचा एक संच मी सहा महिने उघडलाही नव्हता. वेदनेची वस्तू झाली, वस्तूची प्रतिष्ठा झाली, आणि प्रतिष्ठेला कुलूप लागले. आपल्याकडे पोथ्यांचे जे झाले तेच.

एक प्रसंग सांगतो. १५ सप्टेंबर १९६३ रोजी अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅम शहरात वर्णद्वेष्ट्यांनी काळ्यांच्या चर्चमध्ये बॉम्ब उडवला. चार मुली मेल्या. त्यानंतर दोन महिन्यांनी कोल्ट्रेनने 'अलाबामा' वाजवली. एका रविवारी मी ती लावली होती. माय तांदूळ निवडत बसली होती. तिला मी काही सांगितले नव्हते. थोडा वेळ ऐकून ती म्हणाली, "कोनाच्या मयतीचं वाजवून रायला का रे हा?" आणि पुन्हा सूप हाती घेतले. पुस्तिकेतली पानेच्या पाने वाचून मी जिथे पोचलो होतो तिथे ती एका वाक्यात पोचली. संग्राहकाची पेटी आणि ऐकणाऱ्याचा कान या दोन वेगळ्या मालमत्ता आहेत, हे त्या दिवशी मला कळले.

५

गोंदियाचा आणि या तबकड्यांचा एक जुना संबंध आहे. सीडी आणि प्लास्टिकची लाँगप्लेइंग रेकॉर्ड येण्याआधी मिनिटाला ७८ फेरे फिरणाऱ्या तबकड्या होत्या. त्या लाखेच्या, म्हणजे चपड्याच्या बनत. दगडाची पूड, काजळी आणि हे सारे धरून ठेवणारी लाख. जगाच्या बाजारातली बहुतेक लाख भारतातून जात असे. पळस, कुसुम, बोर या झाडांवर किडा ती तयार करतो आणि जंगलातले आदिवासी, भूमिहीन ती खरवडून गोळा करतात. छोटानागपूर, छत्तीसगड आणि आपला हा झाडीचा मुलूख हे तिचे प्रदेश. गोंदियातही लाखेचे कारखाने होते. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, अमेरिकेत लाखेवर निर्बंध आले आणि तबकड्यांचे उत्पादन घटले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिथल्या वादकांच्या संघटनेने मोबदल्याच्या प्रश्नावर ध्वनिमुद्रणाविरुद्ध संप पुकारला. तो बड्या कंपन्यांशी १९४४ च्या अखेरीपर्यंत चालला. पार्करची नवी वाजवण्याची रीत नेमकी याच काळात घडत होती. म्हणून तिचा उगम फारसा कुठे नोंदलाच गेला नाही. सर्वांत संपूर्ण म्हणवणाऱ्या संचालाही ही पोकळी भरता येत नाही.

कोणत्या पळसाची लाख कोणत्या तबकडीत गेली, हे कुणी सांगू शकणार नाही. पण कोलमन हॉकिन्सने १९३९ साली 'बॉडी अँड सोल' वाजवली, सुरुवातीला मूळ चालीला जेमतेम स्पर्श करून पुढचे सारे वादन आयत्या वेळच्या बढतीने भरून काढले, तेव्हा तो सूर ज्या द्रव्यावर कोरला गेला ते आपल्यासारख्याच जंगलांतून, आपल्यासारख्याच माणसांच्या हातांनी गोळा केलेले होते. एका टोकाला वाजवणारा, दुसऱ्या टोकाला लाख खरवडणारा, आणि दोघांनी एकमेकांचे नाव कधी ऐकले नाही. दोघांमध्ये जो उभा होता त्याचे नाव मात्र तबकडीवर सोनेरी अक्षरांत होते.

६

आता मूळ आरोपाकडे परत येतो. त्याचे खरे उत्तर माझ्या घरातच आहे आणि ते माझ्या बाजूचे नाही.

माझे मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, लग्नाच्या बँडपार्टीत क्लॅरिओनेट आणि पुढे सॅक्सोफोन वाजवीत. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आमच्या वस्तीतल्या जुन्या मंडळींनी दफडी टाकून दिली. गावच्या मयतीला आणि पोळ्याला वाजवणे ही महारकी होती, ती सोडणे हा धर्म होता. तो निर्णय बरोबर होता, आजही माझे मत तेच आहे. पण ज्यांच्या बोटांत आणि श्वासात वाजवणे होते त्यांनी काय करावे? मोठ्या बाबांनी पलटणीच्या बँडमधून लग्नाच्या बँडमध्ये आलेले विलायती वाद्य उचलले. ते सांगत, की सनई-दफड्याला बलुते होते, सॅक्सोफोनला इसार होता. आधी रोख पैसे, मग फुंकर. अॅडॉल्फ सॅक्स या बेल्जियन कारागिराने पॅरिसमध्ये १८४६ साली पेटंट घेतलेले हे लष्करी वाद्य. त्याला कुठल्या गावाची, कुठल्या जातीची पाटी चिकटलेली नव्हती. न्यूयॉर्कमध्ये ते काळ्यांच्या हाती बोलू लागले आणि तिरोड्याकडच्या एका खेड्यात महारकी सोडलेल्या माणसाच्या हाती. ही तुलना मी वाद्याची करतो, प्रतिभेची नव्हे. मोठे बाबा कोल्ट्रेन नव्हते. ते वरातीत सिनेमाची गाणी वाजवीत, मांडवाबाहेर बसत आणि सर्वांत शेवटी जेवत. इसार मिळाला तरी पंगत मिळाली नव्हती. पण वरात थकली, गॅसबत्त्या मंद झाल्या की पहाटे ते एकटेच काहीतरी लांबवर वाजवीत राहात, आणि ते कुठल्याच सिनेमातले नसे.

त्यांचे एकही ध्वनिमुद्रण नाही. माझ्याकडे टेपरेकॉर्डर होता, पुढे मोबाइलही आला. ज्या वर्षी मी कोल्ट्रेनचा सात सीड्यांचा संच घेतला त्या वर्षी ते जिवंत होते आणि घराच्या ओसरीवर बसून असत. पार्करच्या नाकारलेल्या टेकचे मला अप्रूप होते. मोठ्या बाबांचा स्वीकारलेला टेकसुद्धा मी घेतला नाही. त्यांच्या मयतीला बँड होता, पण त्यात सॅक्सोफोन नव्हता. तो कोनाड्यात होता, पत्ती तुटलेली.

पार्करला डीन बेनेडेट्टी नावाचा श्रोता मिळाला. तो स्वतः सॅक्सोफोन वाजवणारा. १९४७-४८ मध्ये तो क्लबांतून आपले यंत्र घेऊन बसे आणि पार्करचे वादन टिपून घेई. हा ठेवा चार दशके पडून होता. १९९० मध्ये मोझेकने त्याचा सात सीड्यांचा संच काढला. जगात एका माणसाने हट्टाने केलेले काम किती मोठे असू शकते, हे त्यातून दिसते. पण त्यातही एक खोट आहे. पार्कर थांबला की बेनेडेट्टी बहुधा यंत्र बंद करी. पियानोवाला, ढोलवाला, ट्रंपेटवाला यांचे वादन त्याने वाया घालवले. नायक टिपला आणि समूह गाळला. आपणही हेच करत आलो आहोत. वामनदादा कर्डकांचे (१९२२–२००४) नाव आपण अभिमानाने घेतो, घेतलेच पाहिजे. पण त्यांच्यामागे ढोलकीवर कोण बसे, गावोगावच्या गायन पार्ट्यांत बँजोवर कुणाची बोटे असत, कोरसमध्ये कोणत्या बाया गात? माझ्या घरी दीक्षाभूमीवरून आणलेल्या जुन्या कॅसेटी आहेत. त्यांवर गायकाचे नाव मोठ्या अक्षरांत आहे आणि वादकांचे कुठेच नाही. पावसाळ्यात त्यांच्या फितींना बुरशी येते. आणखी काही वर्षांनी त्यांतून केवळ खरखर ऐकू येईल.

म्हणून मला या संचांकडून एक गोष्ट घ्यावीशी वाटते आणि एक टाकावीशी वाटते. घ्यायची ती शिस्त: तारीख, ठिकाण, प्रत्येक वादकाचे नाव, फसलेल्या प्रयत्नाचीही नोंद. टाकायची ती पेटीची मालकी, क्रमांक घातलेली प्रत आणि कपाटाची काच. आपल्या महाविद्यालयांतल्या मराठीच्या आणि समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांना दरवर्षी प्रकल्प लिहावे लागतात. त्यांपैकी निम्मे एकमेकांचे उतरवलेले असतात, हे आपण शिक्षक जाणतो. त्याऐवजी एका विद्यार्थ्याने एका वस्तीतला एक वादक गाठावा. त्याचे वादन मोबाइलवर टिपावे, साथीदारांची नावे लिहून घ्यावीत, वाद्य कुठून आले, इसार किती मिळे, जेवायला कुठे बसवत, हे विचारावे. वादकाला त्याच्या वेळेचे पैसे द्यावेत आणि एक प्रत त्याच्या घरी ठेवावी. दुसरी विहारात ठेवावी. तिथे ती कुणालाही ऐकता येईल. यासाठी कुणाच्या अनुदानाची वाट पाहावी लागत नाही. १९९९ मध्ये आपला जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला, त्याचा इतिहास लिहिणारे लिहीतच आहेत. त्यात वरातीपुढे चाललेल्या माणसांचे पान आपण लिहिले नाही तर दुसरे कोणी लिहिणार नाही.

मी सुरुवात केली आहे, पण उशिरा. मोठ्या बाबांच्या पार्टीतले एक ताशावाले अजून आहेत. त्यांना कमी ऐकू येते. मागच्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेलो आणि पार्टीतल्या साऱ्यांची नावे विचारली. त्यांनी बोटे मोडत अकरा नावे सांगितली, बाराव्याला अडखळले. "तो झांजवाला, लहानसा, काय नाव त्याचं..." ते बराच वेळ आठवत बसले. मी वहीत बारावी ओळ कोरी ठेवली आहे.